जोर कमी, नेम अचूक : मॅग्नमच्या हलक्या काडतुसांचे शास्त्र

‘मॅग्नम’ हा शब्द सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो चित्रपटांतून. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ने .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली आणि प्रचंड आवाज, प्रचंड धक्का व प्रचंड संहार अशी या शस्त्राची प्रतिमा रूढ झाली. नेमबाजीच्या स्पर्धांत मात्र याच शब्दाला वेगळे स्थान आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमावलीत सेंटर फायर पिस्तूल या प्रकारासाठी उच्च शक्तीची मॅग्नम काडतुसे स्पष्टपणे निषिद्ध ठरवलेली आहेत. दुसरीकडे, जेथे कायद्याने परवानगी आहे अशा अमेरिकेसारख्या देशांत मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाळगणारे हजारो हौशी नेमबाज स्वतःच्या हाताने काडतुसे भरतात आणि भरताना त्यांतील जोर मुद्दाम कमी करतात. सर्वाधिक शक्तीचे शस्त्र विकत घ्यावयाचे आणि मग त्याची शक्ती घटवावयाची, हा व्यवहार वरकरणी विसंगत वाटतो. त्यामागे एक साधे तत्त्व आहे : लक्ष्यावरील कागदाला जोर नको असतो, त्याला सातत्य हवे असते. मात्र हे तत्त्व व्यवहारात आणताना, दारू कमी केली की धोकाही आपोआप कमी झाला, असा समज करून घेणे महागात पडू शकते.

हेतूनुसार दारू

बंदुकीच्या दारूचे प्रमाण कामानुसार बदलावे, ही कल्पना नवी नाही. पूर्वीच्या तोफखान्यांत नव्या तोफेची परीक्षा घेण्यासाठी नेहमीपेक्षा अधिक दारू भरली जाई, लढाईसाठी ठरावीक मात्रा असे आणि सलामीच्या वेळी गोळा न घालता केवळ दारूचा बार उडवला जाई. सुरतेजवळचे सचिन हे संस्थान याचे एक लहानसे उदाहरण म्हणता येईल. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेला, तेथील गादीवरील हक्क सोडण्याच्या मोबदल्यात, १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या करारान्वये हा मुलूख मिळाला. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हे संस्थान टिकले आणि ब्रिटिश अमदानीत त्याच्या नबाबाला ९ तोफांच्या सलामीचा मान होता. जंजिऱ्याच्या तटावरील तोफ शत्रूचे जहाज फोडण्यासाठी धडाडत होती. सलामीची तोफ केवळ मान सांगत होती. दोन्हीकडे दारूच, पण मात्रा आणि प्रयोजन भिन्न.

कोकण आणि गोव्याच्या ग्रामीण भागाला परिचित असलेली ठासणीची बंदूक हेही हाताने बार भरण्याचेच उदाहरण होय. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतून, वर बोळा व छर्रे घालून सारे गजाने ठासून बसवले जाते. ‘ठासणे’ या क्रियापदातच एक शास्त्र दडलेले आहे. दारू आणि तिच्या पुढील वस्तू यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये, हे त्या शब्दाने आपल्या पूर्वजांना शिकवले होते. पोकळी राहिल्यास नळी फुगते किंवा फाटते. आधुनिक रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात हाच पोकळीचा प्रश्न वेगळ्या रूपाने पुन्हा समोर येतो.

मॅग्नमचा जन्म

मोठ्या मद्याच्या बाटलीसाठी वापरला जाणारा ‘मॅग्नम’ हा शब्द ब्रिटिश बंदूक उत्पादकांनी जबर शक्तीच्या काडतुसांना आधीच लावला होता; १९१२ चे शिकारी रायफलीचे .३७५ मॅग्नम हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. रिव्हॉल्व्हरच्या जगात तो १९३५ साली आला. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने त्या वर्षी .३५७ मॅग्नम बाजारात आणले. त्याचा आधार होता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे .३८ स्पेशल हे काडतूस. दोन्हींत गोळीचा व्यास जवळजवळ एकच, नावातला.३८ हा आकडा केवळ परंपरेने चिकटलेला. नव्या काडतुसाचे पितळी कवच मात्र सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब करण्यात आले. अधिक दाबाचे हे काडतूस जुन्या, नाजूक .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये, हा त्यामागचा सुरक्षेचा विचार होता.

या रचनेचा एक उपयुक्त परिणाम असा की, मॅग्नम काडतूस .३८ च्या शस्त्रात शिरत नसले तरी .३८ चे आखूड काडतूस .३५७ च्या शस्त्रात सहज बसते. सरावासाठी हलके काडतूस हवे असेल तर कारखान्यात तयार झालेले .३८ स्पेशल वापरणे, हा सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे. त्यात दोन उणिवा राहतात. गोळीला नळीपर्यंत पोहोचण्यापूर्वी थोडे अधिक अंतर मोकळे पार करावे लागते आणि आखूड कवचाच्या टोकाशी काजळी व शिसे यांचे कडे साचते. ते साफ न केल्यास पुढे लांब काडतूस घट्ट अडकू लागते. याच कारणांमुळे काही हौशी नेमबाज मॅग्नमच्या लांब कवचातच कमी दारू भरणे पसंत करतात आणि खऱ्या गुंतागुंतीला तेथून प्रारंभ होतो.

जोर कमी केल्याने काय साधते?

काही आकडे पाहू. .३५७ मॅग्नमच्या नेहमीच्या कारखानी काडतुसातील १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३७५ मीटर वेगाने नळीबाहेर पडते. लक्ष्यवेधासाठीच्या .३८ स्पेशल काडतुसातील १४८ ग्रेनची, सुमारे ९.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण २१५ मीटर वेगाने जाते. गोळीच्या वजनात फारसा फरक नाही. ऊर्जेत मात्र आहे. पहिलीची ऊर्जा सुमारे ७१७ ज्यूल भरते, तर दुसरीची सुमारे २२२ ज्यूल. एकाच वजनाच्या शस्त्रातून दोन्ही झाडल्यास शस्त्राच्या मागे येण्याची ऊर्जाही मॅग्नमच्या बाबतीत तिपटीहून अधिक असते.

(ग्रेन हे जुने इंग्रजी वजन सुमारे ६५ मिलिग्रॅमचे. आपल्या सोनारांच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. काडतुसातील दारूही याच मापाने तोलली जाते. त्यावरून या कामातील सूक्ष्मतेची कल्पना यावी.)

हा धक्का सहन करण्याचा प्रश्न केवळ मनगटाच्या बळाचा नाही. बार उडण्याच्या अपेक्षेने शरीर आधीच आखडते, चाप पूर्ण ओढला जाण्यापूर्वी हात दचकतो आणि नळीचे तोंड खाली जाते. नेमबाजीतील ही सर्वांत चिवट खोड आहे. ती पकडण्यासाठी प्रशिक्षक शिष्याच्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादे निर्जीव काडतूस मिसळतात. बार होत नाही, पण हात दचकलेला दिसतो. हलक्या काडतुसाने सराव केल्यास ही खोड मुळात रुजत नाही.

कमी वेगाची गोळी अधिक खाली येते, हे खरे. हवेचा रोध बाजूला ठेवून हिशेब केल्यास २५ मीटर अंतरावर मॅग्नमची गोळी सुमारे २ सेंटिमीटर, तर हलकी गोळी सुमारे साडेसहा सेंटिमीटर खाली येते. पण ही उणीव ठरत नाही, कारण दर वेळी ती तेवढीच खाली येते आणि माशी व दर्शकाची जुळणी एकदाच करून तो फरक भरून काढता येतो. घातक असते ती अनियमितता. एक गोळी २१५ मीटर वेगाने आणि पुढची २३५ मीटर वेगाने गेली, तर कोणतीही जुळणी उपयोगी पडत नाही. म्हणूनच चांगल्या लक्ष्यवेधी काडतुसाची परीक्षा तिच्या वेगाने होत नाही. एका गोळीपासून दुसऱ्या गोळीपर्यंत तो वेग किती कमी बदलतो, यावर होते.

कागद कापणारी गोळी

लक्ष्यवेधासाठीच्या गोळीचा आकारही निराळा असतो. तिला टोक नसते. मऊ शिशाचा सपाट तोंडाचा दंडगोल, असे तिचे वर्णन करता येईल; अनेकदा ती कवचाच्या काठाशी समतल बसवलेली असते. इंग्रजीतून आलेल्या ‘वॉडकटर’ या नावाने ती ओळखली जाते. टोकदार गोळी कागद फाडून जाते आणि छिद्राच्या कडा विस्कटतात. वॉडकटर मात्र कार्यालयातील छिद्रयंत्राप्रमाणे स्वच्छ वर्तुळ कापते. स्पर्धेत छिद्राची कड वरच्या गुणाच्या रेषेला स्पर्शून गेली तर वरचा गुण मिळतो. २५ मीटरच्या अचूकता फेरीत १० गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे असते. अशा वेळी छिद्राची स्पष्ट कड पदक ठरवू शकते.

मऊ शिसे कमी वेगाला अनुरूप असते. तीच गोळी मॅग्नमच्या वेगाने झाडल्यास शिशाचा थर नळीतील आट्यांत चिकटून अचूकता बिघडते. म्हणजे कमी जोर, मऊ धातू आणि सपाट तोंड या तीन गोष्टी परस्परांना पूरक आहेत. त्यांतील एक सुटी काढून चालत नाही.

फुसका बार आणि दुहेरी बार

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. सामान्य तर्क असा की, दारू जेवढी कमी तेवढा धोका कमी. काळ्या दारूच्या काळात तो बव्हंशी खरा होता. .३८ स्पेशलचे कवच त्याच काळ्या दारूच्या हिशेबाने मोठे ठेवलेले होते. १८८४ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणाऱ्या द्रव्यापासून धूरविरहित दारू सिद्ध केली आणि चित्र पालटले. ही दारू इतकी शक्तिमान की तेवढ्याच कामाला तिची थोडीशी मात्रा पुरते. परिणामी जुन्या मोठ्या कवचात बरीचशी जागा रिकामी राहते. मॅग्नमच्या त्याहून लांब कवचात हलका बार भरला की ही पोकळी आणखी वाढते.

या रिकाम्या जागेतून तीन संकटे उद्भवतात. पहिले, अनियमितपणा. शस्त्र खाली धरून वर उचलले तर दारू पुढे गोळीशी साचते, वरून खाली आणले तर मागे टोपीशी राहते. ठिणगी दर वेळी सारखी पोहोचत नाही आणि वेग बदलत राहतो. ज्या सातत्यासाठी जोर कमी केला, तेच हातचे जाते.

दुसरे संकट म्हणजे फुसका बार. मराठीत हा शब्दप्रयोग आपण वल्गनेसाठी विनोदाने वापरतो. नेमबाजाच्या दृष्टीने तो विनोद नाही. दारू फारच कमी पडली किंवा भरायचीच राहिली, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी थोडी पुढे सरकते आणि नळीत अडकून बसते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही. नेमबाजाने त्याकडे दुर्लक्ष करून पुढचा बार उडवला तर दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते आणि नळी फुगते वा फुटते. म्हणून आवाज वेगळा येताच थांबावे, शस्त्राचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे आणि शस्त्र रिकामे करून जाणकाराकडून नळी तपासून घ्यावी, हा सर्व नेमबाजी मैदानांवरचा अलिखित नव्हे, तर काटेकोर नियम आहे.

तिसरे संकट सर्वांत फसवे. पूर्ण मात्रेची दारू कवच बरेचसे भरते. ती चुकून दोनदा पडली तर कवच ओसंडून चूक डोळ्यांना दिसते. हलकी मात्रा मात्र कवचाच्या तळाशी मावते आणि ती दोनदा पडली तरी वर जागा शिल्लकच राहते. म्हणजे जो बार सर्वांत सौम्य व्हावयाचा, तोच नजरचुकीने सर्वांत घातक होऊ शकतो. शिवाय प्रत्येक दारूचा जळण्याचा वेग निराळा. मॅग्नमसाठी बनवलेल्या काही संथ जळणाऱ्या दारूंविषयी उत्पादक स्वतःच बजावतात की, त्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली आणू नये. अशा दारूला नीट जळण्यासाठी पुरेसा दाब लागतो. तो न मिळाल्यास तिचे वर्तन बेभरवशाचे होते. तात्पर्य, प्रमाणाला केवळ वरची मर्यादा नसते, खालचीही असते. ज्या देशांत हा छंद कायदेशीर आहे तेथेही उत्पादकांनी प्रयोगशाळेत दाब मोजून प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांबाहेर कोणी जाऊ नये, हा पहिला धडा असतो.

ठासणीच्या बंदुकीच्या संदर्भातही येथे एक सूचना आवश्यक आहे. ती बंदूक काळ्या दारूसाठी घडवलेली असते. धूरविरहित दारू तिच्यात अल्प मात्रेतही घालणे म्हणजे नळी फुटण्यास निमंत्रण होय.

आपल्याकडचे चित्र

भारतीय खेळाडूंना मॅग्नम सौम्य करण्याच्या खटाटोपात पडावे लागत नाही, कारण स्पर्धेने निराळा मार्ग काढला आहे. सेंटर फायर प्रकारात .३० ते .३८ इंच या मर्यादेतील पिस्तुले चालतात आणि बहुतेक खेळाडू १८९६ पासून प्रचलित असलेले .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे लहान काडतूस वॉडकटर गोळीसह वापरतात. त्याचे कवचच लहान असल्याने पोकळीचा प्रश्न बराचसा सुटतो. मोठ्या भांड्यात थोडे शिजवण्यापेक्षा भांडेच लहान घ्यावे, असा हा शहाणपणा आहे. भारतात सामान्य परवानाधारकाला सैन्याच्या मापाची शस्त्रे मिळत नसल्याने .३२ हे माप येथे अन्य कारणानेही रुळलेले आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील रिव्हॉल्व्हर याच मापाचे.

या सौम्य काडतुसानेच भारताला मोठे यश दिले आहे. जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सेंटर फायर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि २००६ च्या दोहा स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी करीत पुन्हा सुवर्ण जिंकले. या प्रकारात ३० गोळ्या संथ अचूकतेच्या आणि ३० गोळ्या जलद फेरीच्या असतात. जलद फेरीत लक्ष्य केवळ ३ सेकंद समोर येते आणि तेवढ्यात हात उचलून नेम धरून एक गोळी झाडावी लागते. तेथे मॅग्नमचा धक्का कोणाच्याच उपयोगाचा नाही.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची रचना हीच, पण काडतूस त्याहूनही सौम्य, .२२ चे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यद यांच्यासह सांघिक सुवर्ण, २०१३ मध्ये कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषक सुवर्ण आणि २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवले, ते याच प्रकारात. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या हातातील शस्त्राची ऊर्जा चित्रपटातील मॅग्नमपुढे नगण्य होती.

घरी काडतुसे भरण्याविषयी आपला कायदा निःसंदिग्ध आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळ्याची निर्मिती करता येत नाही. ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. परदेशातून कुतूहलाने आणलेले भरणीचे यंत्र किंवा सुटे साहित्यही येथे गुन्ह्याचा विषय ठरू शकते, हे परदेशस्थ आप्तांशी सतत संबंध असलेल्या गोमंतकीयांनी विशेष ध्यानात घ्यावे.

कायद्याची ही कठोरता समजण्याजोगी आहे. दारूशी व्यवहार किती जोखमीचा असतो, हे भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटाने दाखवून दिले. प्रशिक्षित कामगार आणि सरकारी देखरेख असतानाही तेथे प्राण गेले. घराच्या माडीवर तराजू मांडून बसलेल्या हौशी माणसाची काय कथा?

पण कायद्याने एक दार बंद केले, तर दुसरे उघडे ठेवण्याची जबाबदारीही व्यवस्थेवर येते. अमेरिकी हौशी नेमबाज हाताने काडतूस भरतो, त्यामागे अचूकतेइतकाच काटकसरीचाही हेतू असतो. पितळी कवच पुन्हा पुन्हा वापरता येते. आपल्या खेळाडूला ती सोय नाही. स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे त्याला बहुतांशी आयातीवर अवलंबून राहून मिळवावी लागतात आणि सरावाच्या गोळ्या मोजून वापराव्या लागतात. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे आणि दारूगोळा निर्माण्या एकत्र करून २०२१ साली स्थापन झालेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. सैन्याला लागणारा जोर निर्माण करणाऱ्या या उद्योगाने खेळाला लागणारे सातत्यही निर्माण करावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. एका गोळीचा वेग दुसरीशी तंतोतंत जुळणे, ही गुणवत्ता संरक्षणासाठीही निरुपयोगी नाही.

२०२३ साली ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. अशा स्पर्धा पाहून पिस्तूल हाती घ्यावेसे वाटणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की, या खेळात शक्तीचे आकर्षण लवकर सोडावे. अधिकृत क्लब, .१७७ ची हवेवर चालणारी पिस्तूल, नंतर .२२ आणि मग .३२ अशी पायरी ठरलेली आहे. दर पायरीला धक्का थोडा वाढतो आणि तोवर हात तयार झालेला असतो. मॅग्नमपासून आरंभ करून खाली उतरण्यापेक्षा हा चढ सोपा आहे, स्वस्त आहे आणि सुरक्षितही आहे.